ट्विस्ट पटला की नाही? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

गेल्या अंकात तुम्हाला एकच विचारलं होतं, मालिकेतला असा कुठला ट्विस्ट आहे जो बघून तुम्ही रागाने टीव्ही बंद केलात किंवा उलट दुसऱ्या दिवसापर्यंत धीर निघेना, आणि त्या पात्राने तसं का केलं असं तुम्हाला वाटतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीग आलाय आणि त्यातली बरीचशी पत्रं रागाची आहेत. मला तो राग मनापासून आवडला. वर्षानुवर्षं रोज अर्धा तास देणाऱ्या माणसाला ‘असं का केलं’ हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. ज्यांनी या मालिका अजून बघितल्या नाहीयेत आणि बघायच्या आहेत त्यांनी जरा जपून वाचा, इथे सगळी गुपितं उघडी करून बोललोय.

ताई, ‘तुला पाहते रे’ संपून इतकी वर्षं झाली तरी माझा राग जात नाही. विक्रांत सरंजामेंवर आम्ही मैत्रिणींनी जीव लावला होता, त्यांचं आणि ईशाचं लग्न झालं तेव्हा आमच्या ग्रुपने पेढे वाटले आणि मग काय तर म्हणे हा माणूस खुनी. तो एकटा असतानाचे सीन मला आठवतात, समोर कोणी नसतानाही तो ईशाचाच विचार करत असायचा, मग ते काय होतं? त्याचं तिच्यावर प्रेम होतं की नव्हतं ते एकदा सांगून टाका.
*एक वाचक, डोंबिवली*

तुमचा तो एकटेपणाच्या सीनचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतेच, पण आधी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑगस्ट २०१८ ते जुलै २०१९, झी मराठी, रात्री साडेआठ. चाळिशीतला उद्योगपती विक्रांत म्हणजे सुबोध भावे, आणि त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, साध्या मध्यमवर्गीय घरातली ईशा निमकर म्हणजे गायत्री दातार. लग्नापर्यंत सगळी परीकथा. लग्न झालं आणि मग हळूहळू उलगडत गेलं की विक्रांतचं खरं नाव गजेंद्र पाटील, राजनंदिनी (शिल्पा तुळसकर) ही त्याची पहिली बायको, तिला त्यानेच मारलंय, ज्या घरात तो थोरला मुलगा म्हणून वावरतो त्या घरचा तो खरा जावई आहे, आणि ईशा म्हणजे राजनंदिनीचाच पुनर्जन्म.

मला स्वतःला हा ट्विस्ट कल्पना म्हणून अतिशय आवडला आणि आजही आवडतो. मराठी डेली सोपमध्ये नायकालाच खलनायक करणं, तेही लोक त्याच्या प्रेमात पडल्यावर, ही हिंमत साधी नाही. आणि त्यासाठी चेहरा कोणाचा घेतला बघा, ज्याने बालगंधर्व केले, लोकमान्य टिळक केले, ज्याच्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो असा. ती निवड हाच ट्विस्टचा अर्धा भाग होता. तोच खुनी दुसऱ्या कोणी केला असता तर आपण पहिल्या आठवड्यात संशय घेतला असता.

आता हेतू. सगळे म्हणतात गजेंद्रने पैशासाठी केलं. मला ते अपुरं वाटतं. नुसता पैसा हवा असणारा माणूस पैसा घेऊन पसार होतो. याने आडनाव घेतलं, घर घेतलं, आईसाहेबांना आई म्हणून घेतली, धाकट्यांचा मोठा भाऊ झाला. म्हणजे त्याला सरंजामे व्हायचं होतं, गजेंद्र पाटील या माणसाची त्याला लाज वाटत होती आणि राजनंदिनी ही त्या गजेंद्रला ओळखणारी, त्याला गजेंद्र म्हणूनच बघू शकणारी बाई होती. आणि ईशा त्याला भेटली ती थेट विक्रांतला भेटली, तिच्या डोळ्यात तो पूर्णपणे तोच माणूस होता जो त्याला व्हायचं होतं. त्यामुळे तुम्ही म्हणता ते एकटेपणाचे सीन मी नाटक समजत नाही, तो तेव्हा खरंच प्रेमात होता, पण ईशाच्या नजरेतल्या विक्रांतच्या. हे प्रेम म्हणायचं का? मी म्हणेन हो, पण ते अतिशय भयानक प्रेम आहे, कारण ज्या दिवशी त्या नजरेत गजेंद्र दिसेल त्या दिवशी ती नजर त्याला नको असणार.

तुमचा राग कुठे बरोबर आहे ते सांगते. गुपित फुटल्यावर मालिकेने हे काहीच वापरलं नाही. विक्रांत एकदम पक्का व्हिलन झाला, कारस्थानं, त्याचा उजवा हात असलेल्या झेंडेसोबतच्या बैठका, रोखून बघणं, आणि पहिल्या सहा महिन्यांतला माणूस कुठे गेला याचं उत्तर कोणी दिलंच नाही. चांगला ट्विस्ट आला की मागचं सगळं नव्याने कळायला लागतं, इथे मागचं सगळं पुसून टाकलं गेलं आणि म्हणून पेढे वाटणाऱ्या लोकांना फसवल्यासारखं झालं.

त्याहून मोठी खंत मला ईशाबद्दल आहे. ती हुशार मुलगी, नवऱ्यावर संशय येणं, पुरावे शोधणं, घाबरणं, तरी थांबणं, यातून तिने स्वतःच्या डोक्याने त्याला ओळखलं असतं तर काय मालिका झाली असती! पण तिला सगळं ‘आठवतं’, आदल्या जन्माचं. म्हणजे नवऱ्याला उघडं पाडायचं सगळं श्रेय गेलं राजनंदिनीकडे आणि ईशा नुसती तिचं माध्यम झाली. शेवटी विक्रांत स्वतःचा जीव देतो तेव्हा तरी ईशाच्या मनात त्याची बायको म्हणून काय चाललं असेल यावर एक पूर्ण एपिसोड द्यायला हवा होता, तो मला आजही हवाय. या गोष्टीचा कन्नडमध्ये ‘जोते जोतेयली’ म्हणून २०१९ मध्येच रिमेक झाला, म्हणजे गोष्टीत दम होता यात शंकाच नाही.

‘आई कुठे काय करते’ मध्ये आशुतोषला का मारलं?? अरुंधतीने आयुष्यभर सोसलं, कुठे जरा सुख आलं तर अपघात. आणि तो अनिरुद्ध, स्वतः संजनासाठी घर मोडलं आणि नंतर अरुंधतीचं लग्न ठरलं तर याचाच तिळपापड, हे कसं काय? मी आणि माझ्या सासूबाई दोघींनी मिळून हे पत्र लिहिलंय.
*सासू आणि सून, इस्लामपूर*

दोघींनी मिळून लिहिलंत हे फार छान केलंत. ही मालिका सासू-सून एकाच सोफ्यावर बसून बघायच्या आणि दोघींना दोन वेगळ्या ठिकाणी लागायचं, हेच तिचं मोठं यश होतं.

आधी अनिरुद्ध, कारण माझ्या मते मराठी टीव्हीवरच्या नवऱ्यांमध्ये हा माणूस हेतूच्या बाबतीत सगळ्यात पक्का लिहिलाय, आणि मिलिंद गवळींनी तो कुठेही गोड न करता केलाय. तुम्ही विचारता हे कसं काय, मी म्हणते हेच तर होणार होतं. डिसेंबर २०१९ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हापासून बघा, त्याची तक्रार काय असते? हिला काही कळत नाही, हिला इंग्रजी येत नाही, ही ऑफिसच्या पार्टीत न्यायच्या लायकीची नाही. पण जेवण तिच्याच हातचं, आईवडिलांचं औषधपाणी तिनेच बघायचं, पोरांच्या परीक्षा तिनेच काढायच्या. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तोंडावर असताना संजनाचं सगळं बाहेर आलं, पुढे घटस्फोट झाला, तरी त्याच्या डोक्यात एक गोष्ट कधी बदललीच नाही की अरुंधती ही ‘समृद्धी’ बंगल्याची वस्तू आहे. बायको म्हणून नको पण घरात हवी, दुःखी हवी, आणि दुःखाचं कारण आपण असावं. त्यामुळे ती गायला लागली, कमवायला लागली, आशुतोषसारखा माणूस तिच्याशी आदराने बोलायला लागला, की याच्या पायाखालची जमीन सरकते. संजनाशी लग्न करूनही तो सुखी का नाही याचंही उत्तर तेच, संजना त्याच्याकडे मान वर करून बघणारी बाई आहे, तिला सोसायची सवय नाही. माझ्या माहितीत असे अनिरुद्ध आहेत, तुमच्याही असतील, म्हणून तर एवढं लागतं.

आता आशुतोष. ओंकार गोवर्धनने काय शांतपणे केला तो माणूस, कॉलेजपासून मनात ठेवलेलं प्रेम आणि तरी कुठे घाई नाही, हक्क नाही. २०२३ मध्ये त्यांचं लग्न झालं तेव्हा पन्नाशीकडे आलेल्या, आजी झालेल्या बाईचं दुसरं लग्न घराघरात लोकांनी मान्य केलं, ही छोटी गोष्ट नाही. मग वर्षभरात त्याला अपघातात मारलं. मी तुमच्याच बाजूने आहे आणि का ते नीट सांगते. घटस्फोट हा ट्विस्ट माणसांच्या स्वभावातून आला होता, अनिरुद्ध असा आहे, अरुंधती अशी आहे, म्हणून ते झालं. अपघात कोणाच्याच स्वभावातून येत नाही, तो वरून टाकला जातो. त्यात ना आशुतोषचा काही निर्णय ना अरुंधतीचा. २०२४ च्या मार्चमध्येच ही मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली होती, प्राइम टाइम सुटलं की कथेत जोराचा धक्का द्यायची गरज वाटू शकते हे मी समजू शकते, पण धक्का द्यायला अरुंधतीचं कुंकूच का लागावं? त्या दोघांच्या संसारात खरे प्रश्न होते ना, तिची मुलं, त्याची आई, दोन घरांची ओढाताण, उतारवयात नव्याने एकमेकांची सवय करून घेणं. यावर वर्षभर लिहिता आलं असतं आणि ते कोणीच आधी दाखवलं नव्हतं.

आणि हो, सासूबाईंनी खाली वेगळ्या अक्षरात लिहिलंय की कांचनचा राग येतो पण ती आपलीच वाटते. अगदी बरोबर बोललात काकू. कांचन मुलाची चूक बघते आणि तरी मुलाचीच बाजू घेते, हा हेतू समजून घ्यायला कुठलं गुपित फुटायची गरज नाही.

‘ठरलं तर मग’ मधली सायली हीच त्या घरची हरवलेली मुलगी तन्वी आहे हे आम्हाला पहिल्यापासून माहितीये, प्रेक्षकांना माहीत, लेखकाला माहीत, फक्त त्या घरातल्या लोकांनाच वर्षानुवर्षं कळत नाही!! अर्जुन एवढा मोठा वकील आणि त्याला घरातलं कळू नये? किती ताणायचं?
*‘ठरलं तर मग’ चा वैतागलेला चाहता, सोलापूर*

दादा, वैतागलात पण बघणं सोडलं नाहीत, तर त्यामागचं तंत्र सांगते. ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली, मूळ गोष्ट ‘रोजा’ या तमिळ मालिकेची, ती तिकडे २०१८ ते २०२२ अशी चार वर्षं चालली. तिथेही वकील अर्जुन, करारावरचं लग्न, आणि खऱ्या नातीच्या जागी येऊन बसलेली खोटी मुलगी. म्हणजे लपलेली ओळख हे या गोष्टीचं इंजिन आहे, ते बंद केलं की दुसरं इंजिन आणावं लागतं. म्हणून ‘आता कळणार, आता कळणार’ असा ट्रॅक चढवत नेतात, फोटो सापडतो, कोणीतरी खोलीच्या दाराशी येऊन ऐकतं, प्रोमोत तर कळलेलंच असतं, आणि एपिसोडमध्ये ऐनवेळी लाईट जाते नाहीतर फोन येतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडे वर असले की गुपित आणखी थोडं पुढे ढकललं जातं, हा हिशोब सगळ्याच चॅनलवर चालतो.

पण मला या मालिकेत सायलीपेक्षा प्रियाबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल कोणीच पत्र लिहिलं नाही. ती खोटी तन्वी बनून राहते म्हणून सगळे तिला शिव्या घालतात, ठीक आहे, वागतेच तशी. तरी विचार करा, तीही सायलीसारखी आश्रमात वाढलेली, आईवडील नाहीत, आणि एक दिवस तिला कळतं की फक्त एक नाव घेतलं तर आपल्याला आई मिळते, बाबा मिळतात, घर मिळतं. त्या क्षणी हो म्हणणं मला कळतं. चूक आहे, पण कळतं. तन्वीची आई, म्हणजे अर्जुनची प्रतिमा आत्या, तिच्या केसातून हात फिरवत असेल तेव्हा प्रियाला नुसती इस्टेट आठवते की आणखीही काही होतं, एवढं जरी लेखकाने दोन-चार सीनमध्ये दाखवलं तरी ही खलनायिका दहापट मोठी होईल. सारखं डोळे मोठे करून स्वतःशी बोलत प्लॅन सांगणं हे तिच्यावर अन्याय करणारं आहे.

अर्जुनला का कळत नाही? त्याचं खरं उत्तर असं की त्याला शंका यायला लावली तर तो दोन आठवड्यांत छडा लावेल, म्हणून त्याला सतत केसमध्ये गुंतवून ठेवावं लागतं. लेखक टीमची ही कसरत आहे आणि ती बऱ्यापैकी जमलीये असं माझं मत.

अण्णाक लोकांनी डोक्यार कित्याक चढयल्यानी ताई? इतको वायट माणूस आणि लोक त्याचे डायलॉग मारत फिरतत. आणि माई गप का रवली?
*एक वाचक, कुडाळ*

‘रात्रीस खेळ चाले’ चा पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला तो अण्णा नाईकांच्या मरणाने, आठवतंय ना. तेव्हा अण्णा म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. त्यांच्याबद्दल सगळे कुजबुजत बोलायचे, पण माणूस दिसला नव्हता. मग जानेवारी २०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि तो मागच्या काळात गेला, फोटोतला माणूस माधव अभ्यंकरांच्या रूपात चालायला बोलायला लागला. म्हणजे शेवट ठाऊक असलेली गोष्ट. अण्णा मरणार, वाडा झपाटणार, सगळं माहीत. तरी लोकांनी दुप्पट आवडीने बघितली, कारण आता ‘काय होणार’ हा प्रश्नच नव्हता, ‘हा माणूस असा कसा’ हा होता.

अण्णांना लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्यांच्या वाईटपणासाठी नाही असं मला वाटतं, ते कधी मागे बघत नाहीत आणि कोणाला घाबरत नाहीत यासाठी. आपण दिवसभर साहेबाला, सोसायटीला, नातेवाइकांना घाबरून जगतो, त्यामुळे असा माणूस पडद्यावर बघायला मजा येते. पण तुमची चिडचिड मला योग्य वाटते, कारण बाईच्या जिवावर उठलेल्या माणसाचे डायलॉग लग्नाच्या वरातीत मारणं मला बघवत नाही.

आणि माई. शकुंतला नरे यांनी केलेली ही अण्णांची बायको माझी सगळ्यात लाडकी. ती गप्प आहे असं तुम्ही म्हणता, मी परत बघताना मुद्दाम तिच्याकडेच बघत बसले आणि मला ती गप्प वाटलीच नाही. ती शिव्या घालते, रडते, पोरांना कवटाळते, सासूच्या तोंडाला तोंड देते, देवाला गाऱ्हाणं घालते. फक्त वाडा सोडत नाही. त्या काळातल्या कोकणातल्या बाईने वाडा सोडून जायचं कुठे? माहेरी? चार पोरं घेऊन? तिची निष्ठा अण्णांवर कधीच नव्हती, चूल तिची, पोरं तिची, तुळस तिची, आणि अण्णांच्या आयुष्यातल्या दुसऱ्या बाईला, शेवंताला, ती उंबऱ्याबाहेर ठेवते ते नवरा परत मिळावा म्हणून नाही. शेवंताला (अपूर्वा नेमळेकर) हवं असतं तेही नेमकं तेच, त्या उंबऱ्याच्या आत मानाने येणं. दोघींचं भांडण एका माणसावरून आहे असं वाटतं, बघायला गेलं तर ते एका उंबऱ्यावरून आहे. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतः मालिकेच्या लेखनात होते, ती मालवणी आणि ही माणसं आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिलीयेत हे जाणवतं.

तो गुरुनाथ शेवटपर्यंत सुधरला नाही, काहून? अन् त्याची ती शनाया तर दोनदा बदलली, तरी आम्ही बघत राहिलो.
*एक वाचक, नागपूर*

गुरुनाथ सुधारला असता तर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ चाललीच नसती हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याला कधी पूर्ण किंमत मोजावी लागलीच नाही, प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला सावरून घेतलं, मग माणूस का सुधारेल. बदलली ती त्याची बायको राधिका. नागपूरहून आलेली, वऱ्हाडी बोलणारी, ज्या बोलण्यावर नवरा हसायचा तेच बोलणं घेऊन मसाल्याचा धंदा उभा केला तिने, आणि भाषा शेवटपर्यंत सोडली नाही. अनिता दातेचं यासाठी कौतुक करावं तेवढं थोडं.

शनाया रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका सुनील. चेहरा बदलला की पात्राचा हेतूही थोडा बदलतो असं माझं निरीक्षण आहे. रसिकाची शनाया लाडावलेली, मजा म्हणून माणसं वापरणारी होती, ईशाची जास्त हिशोबी वाटली. लिहिणारे तेच असतील, तरी बघणाऱ्याला ती दुसरी मुलगी वाटते. ‘आई कुठे काय करते’ मधल्या संजनाच्या बाबतीतही तेच झालं, दीपाली पानसरेनंतर २०२० मध्ये रूपाली भोसले आली आणि संजनाला एकदम धार आली.

मी दुबईत राहते, रात्री मोबाईलवर मराठी मालिका बघते. माझा प्रश्न साधा आहे, सारखे अपघात, स्मृती जाणं, लीप घेऊन कथा एकदम काही वर्षं पुढे नेणं, मेलेला माणूस परत येणं हेच का? लेखकांना दुसरं सुचत नाही का?
*एक वाचक, दुबई*

सुचतं हो, पण वेळ नसतो. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी बावीसेक मिनिटं, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, वर चॅनलचे क्रिएटिव्ह. सेटवर संवाद कधीकधी त्याच दिवशी पोचतात. अशात एखादा कलाकार आजारी पडला किंवा दुसऱ्या कामासाठी तारखा मागितल्या तर पात्राला कोमात टाकणं सगळ्यात सोपं. ‘होणार सून मी ह्या घरची’ मधल्या जान्हवीची स्मृती गेली, नंतर तिचं बाळंतपण किती लांबलं, यावर त्या काळात अख्खा महाराष्ट्र बोलत होता.

पण सगळंच आळसाने होत नाही. २०२० चं लॉकडाऊन आठवा, १९ मार्चपासून शूटिंग बंद, जूनच्या शेवटी परत सुरू आणि तेही अटींवर, पासष्टच्या वरच्या कलाकारांना सेटवर यायला बंदी. आता मराठी मालिका म्हणजे आजी-आजोबांशिवाय घरच नाही! कित्येक घरातली म्हातारी माणसं कथेत अचानक गावाला गेली नाहीतर फोनवरून बोलायला लागली, लोक म्हणाले हे काय, पण त्याला लेखक काय करणार. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती अट रद्द केली तेव्हा ते कलाकार कामावर परतू शकले, ज्यांचं घर त्यावरच चालतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये परत बंदी आली आणि बऱ्याच मालिका गोव्याला, सिल्वासाला, दमणला गेल्या, अख्खं कुटुंब एका रिसॉर्टवर कशाला राहायला गेलंय याचं कारण रातोरात शोधावं लागलं, आणि मे महिन्यात गोव्यातही शूटिंग थांबलं तेव्हा तेही सोडून पळावं लागलं. त्या दिवसांत रोजचा एपिसोड घरात पोचवणाऱ्या सगळ्यांबद्दल माझ्या मनात खूप आदर आहे.

तरी माझं मागणं एवढंच की अपघात झाला तर होऊ दे, त्यानंतर माणसं कशी वागतात ते तरी स्वभावाला धरून लिहा. कोमातून उठलेली बाई आठवड्यात काठापदराची साडी नेसून हळदीकुंकू करते तेव्हा मी चॅनल बदलते.

‘देवमाणूस’ मध्ये डॉक्टर खुनी आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकलं, मग सस्पेन्स कसला राहिला? आणि असा माणूस हिरोसारखा दाखवणं बरोबर आहे का?
*एक वाचक, कराड*

सस्पेन्स उलट वाढला की. सगळं गाव त्याला देव मानतं, सरू आजी त्याच्यावर माया करते, आणि आपल्याला माहितीये की त्याच्या दवाखान्यात गेलेली बाई परत येईलच असं नाही. प्रत्येक वेळी कोणी त्या पायरीवर पाय ठेवला की छातीत धस्स व्हायचं, ते गुपित ठेवलं असतं तर झालं नसतं. कारणही साधं आहे, गोष्ट साताऱ्याकडच्या, २०१६ मध्ये उजेडात आलेल्या प्रकरणावरून सुचलेली, तुमच्या भागातल्या लोकांना तर ते पेपरात वाचून माहीतच होतं, मग लपवायचं काय?

दुसऱ्या प्रश्नावर मी तुमच्याशी सहमत आहे. किरण गायकवाडने काम इतकं चांगलं केलं की लेखकही त्याच्या प्रेमात पडले असं वाटायला लागलं, आणि ज्या बायका मेल्या त्यांची घरं, त्यांची पोरं, त्यांची वाट बघणारे आईबाप यांना पुरेसा वेळ मिळाला नाही. पहिल्या पर्वात एसीपी दिव्या आल्यावर ती बाजू जरा भरून निघाली.

पुनर्जन्माचा ट्विस्ट मराठीत कधी नीट जमलाच नाही का? तुम्हाला आवडलेली एक तरी सांगा.
*निवृत्त शिक्षक, पुणे*

जमलाय ना सर, ‘असंभव’. २००७ ते २००९, झी मराठी, लेखन चिन्मय मांडलेकर, दिग्दर्शन सतीश राजवाडे. उमेश कामतचा आदिनाथ, उर्मिला कानेटकरची शुभ्रा आणि नीलम शिर्केची सुलेखा. तिथे आधीचा जन्म हा मालिकेचा पायाच होता, अर्ध्यात आणून चिकटवलेला नव्हता, त्यामुळे जे उघड होत गेलं त्याने आधीच्या गोष्टींना अर्थ मिळत गेला. आणि सुलेखा वाईट वागते तेव्हा तिला या जन्मातही कारण आहे, आदिनाथ हातून जाईल ही भीती, ती कोणत्याही बाईला असू शकते. मागचा जन्म काढून टाकला तरी तिचा हेतू उभा राहतो. ‘तुला पाहते रे’ मधल्या ईशाच्या बाबतीत मी वर जे म्हटलं ते ‘असंभव’ शेजारी ठेवून बघा, मग फरक लगेच दिसेल. भाग कुठे मिळाले तर पहिल्यापासून बघा सर, मधूनच सुरू करू नका.